लघुउद्योगांची अडकलेली बिले आणि ‘ट्रेड्स’ मंच

मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या लघुउद्योजकाच्या हिशेबात नफा दिसतो, पण कामगारांचे पगार भागवायला हाती रोख नसते, ही देशभरातील औद्योगिक वसाहतींमधील जुनी तक्रार आहे. माल पोहोचतो, बिल मंजूर होते आणि पैसे मात्र दोन-तीन महिन्यांनी येतात. दरम्यान कच्च्या मालासाठी त्याला तारण घेऊन बँकेकडे किंवा चढ्या व्याजाने सावकाराकडे जावे लागते. या अडकलेल्या बिलांवरच वित्तपुरवठा मिळावा यासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये ‘ट्रेड रिसीव्हेबल्स डिस्काउंटिंग सिस्टिम’ अर्थात ‘ट्रेड्स’ची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.

सिडबी आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांनी स्थापन केलेली ‘आरएक्सआयएल’ तसेच ‘एम१एक्सचेंज’ आणि ‘इन्व्हॉइसमार्ट’ हे पहिले तीन मंच २०१७ मध्ये सुरू झाले. कल्पना तशी नवी नाही. मुदतीपूर्वी वटाव कापून हुंडी वटवण्याची रीत भारतीय पेढ्यांना शतकानुशतके ठाऊक होती. फरक असा की, येथे एका पेढीऐवजी अनेक बँका आणि वित्तसंस्था एकाच बिलासाठी ऑनलाइन बोली लावतात.

व्यवहारात तीन पक्ष असतात. विक्रेता बिल मंचावर चढवतो, खरेदीदार कंपनी ते स्वीकारते आणि त्यानंतर वित्तपुरवठादार वटावाचे दर देतात. विक्रेत्याने त्यातील एक दर निवडला की साधारणतः एक-दोन कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात जमा होते. मुदत संपताच खरेदीदाराच्या खात्यातून पैसे वित्तपुरवठादाराकडे वळते होतात. समजा, १० लाख रुपयांचे बिल ४५ दिवस आधी वार्षिक ९ टक्के दराने वटवले, तर वटाव सुमारे ११ हजार १०० रुपये पडेल. मंचाचे शुल्क वेगळे.

दर ठरतो तो प्रामुख्याने खरेदीदाराच्या पतीवर, हे या व्यवस्थेचे मर्म आहे. छोट्या कारखानदाराकडे तारण नसले तरी ज्या कंपनीकडून त्याचे येणे आहे तिची पत त्याच्या कामी येते. शिवाय खरेदीदाराने पैसे बुडवले तर वसुली विक्रेत्याकडून करता येत नाही. ती थकबाकी खरेदीदाराच्याच नावे लागते.

अडचणही नेमकी येथेच आहे. खरेदीदाराने बिल स्वीकारल्याखेरीज गाडी पुढे सरकत नाही. पुरवठादाराचे पैसे रोखून धरणे म्हणजे कंपनीसाठी बिनव्याजी खेळते भांडवल. ते सोडून ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप वजावट होऊ देण्याची घाई कोणाला असणार? म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची केली. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने ही मर्यादा २५० कोटींवर आणली. तथापि या अधिसूचनांनी सक्ती केली ती नोंदणीची, प्रत्येक बिल मंचावर आणण्याची नव्हे. नोंदणी करून स्वस्थ बसलेल्या खरेदीदाराचा पुरवठादाराला काहीच उपयोग नाही.

विलंबाविरुद्ध कायदा आधीपासून आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारांना लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, अन्यथा १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, या भीतीने अनेक जण गप्प राहतात. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरातही तरतूद केली. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती केल्याशिवाय खरेदीदाराला तिची वजावट मिळत नाही.

वित्तपुरवठादारांची संख्या वाढावी म्हणून फॅक्टरिंग कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन अधिक बिगरबँक वित्त कंपन्यांना वाट मोकळी झाली. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या व्यवहारांना विम्याचे संरक्षण घेण्यास मुभा दिली. त्यामुळे कमी पतमानांकनाच्या खरेदीदारांच्या बिलांनाही बोली मिळणे सुकर व्हावे, असा हेतू होता.

विक्रेत्याला नोंदणीसाठी उद्यम प्रमाणपत्र आणि केवायसीची कागदपत्रे लागतात. ज्याचा माल मोठ्या कंपनीऐवजी दुसऱ्या लहान व्यापाऱ्याकडे जातो, त्या सूक्ष्म उद्योजकापर्यंत मात्र ही सोय अद्याप फारशी पोहोचत नाही.