बिअर्डेड ड्रॅगनच्या आहाराची घडण

मध्य ऑस्ट्रेलियातील बिअर्डेड ड्रॅगन हा रखरखीत झुडुपी प्रदेशात आणि विरळ जंगलात राहणारा सरडा आहे. चिडला किंवा घाबरला की तो गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो, त्यावरून त्याला दाढीवाला हे नाव मिळाले. 1926 मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट आल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या प्रदेशात पाऊस बेभरवशाचा असल्याने अन्नाचाही भरवसा नसतो. त्यामुळे हा प्राणी मिळेल ते खाणारा झाला. कीटक, कोवळी पाने, फुले, फळे, क्वचित एखादा लहान सरडाही त्याला चालतो. पाऊस पडून वारुळांतून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडली की तो काही दिवस तिच्यावरच ताव मारतो आणि अंगात चरबी साठवतो. ही विविधता ऋतूने लादलेली होती. पिंजऱ्यात आल्यावर ती संपली, आणि ती परत मिळवायला माणसाला काही दशके लागली.

ऑस्ट्रेलियाने 1960 च्या दशकापासून आपल्या वन्य प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीवर कडक निर्बंध घातले. तरीही काही सरडे चोरवाटेने युरोपात, विशेषतः जर्मनीत पोहोचले. तेथे त्यांची पैदास झाली आणि 1990 च्या दशकात अमेरिकेत हा प्राणी झपाट्याने लोकप्रिय झाला. ऑस्ट्रेलियाबाहेर घरोघरी पाळले जाणारे बहुतेक बिअर्डेड ड्रॅगन अशा थोड्या पूर्वजांचे वंशज आहेत. स्वभावाने शांत, दिवसा जागा असणारा आणि माणसाच्या हातावर निवांत बसणारा हा सरडा पाळायला सोपा वाटला. तो खातोही आवडीने, त्यामुळे खाण्याचा प्रश्न सुटल्यासारखा भासला.

पण त्याच्यापुढे काय ठेवायचे, हे त्याच्या गरजेवरून कमी आणि बाजारात काय मिळते यावरून जास्त ठरले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापासून रातकिड्यांची पैदास केंद्रे होती. हे रातकिडे मासेमारीच्या गळाला लावण्यासाठी वाढवले जात. सरडे पाळणाऱ्यांची संख्या वाढली तसे तेच रातकिडे पाळीव प्राण्यांच्या दुकानांत आले. सोबतीला पिठात वाढणारे मीलवर्म होते. वर्षभर मिळणारे, स्वस्त आणि खोक्यातून पाठवता येणारे हे दोन कीटक सरड्याचे मुख्य अन्न बनले. माशाला भुलवायला वाढवलेला किडा एखाद्या प्राण्याचे जन्मभराचे अन्न होऊ शकेल का, हे आधी कोणी तपासले नव्हते.

दोष हाडांत दिसला. रातकिड्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या जेमतेम सातवा ते नववा भाग असते. सरड्याला मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट लागते. ही तूट भरून काढण्यासाठी शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात आणि पुढे प्राण्याला उठताही येत नाही. झपाट्याने वाढणारी पिल्ले आणि वर्षातून अनेकदा अंडी घालणाऱ्या माद्या यांना त्याचा सर्वाधिक फटका बसला. माणसाच्या मुलांतला मुडदूस याच जातीचा आजार आहे, आणि त्याचे उत्तर तोवर जुने झाले होते. 1919 मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील प्रकाश देऊन मुडदूस झालेली मुले बरी केली होती. तो प्रकाश कातडीवर पडला की शरीर ड जीवनसत्त्व तयार करते, आणि त्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून नीट शोषले जात नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतात, म्हणून खिडकीशी ठेवलेला सरडाही उपाशीच राहिला.

उपाय दोन बाजूंनी आले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील मेरी अ‍ॅलन आणि ओलाव्ह ऑफ्टेडाल यांनी 1989 मध्ये दाखवले की रातकिड्यांना कॅल्शियमने भरलेला खुराक दोनेक दिवस खाऊ घातला तर त्यांच्या अंगातले कॅल्शियम पुरेसे वाढते. कीटक सरड्यापुढे ठेवण्याआधी त्याचेच पोट भरायचे, ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. त्याबरोबर कीटकांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरण्याची सवय रुजली. दुसरीकडे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी अतिनील प्रकाशाचे दिवे बाजारात आले. 2010 मध्ये नेदरलँड्सच्या डेनिस ओनिंक्स आणि सहकाऱ्यांनी पिल्लांवर प्रयोग करून दाखवले की दिवसातून दोन तासांच्या अतिनील प्रकाशाने रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी जशी वाढते, तशी तोंडावाटे दिलेल्या पूरक मात्रेने वाढत नाही. आहाराच्या चर्चेत दिव्याला स्थान मिळाले ते यामुळे.

त्याच सुमारास उत्तर अमेरिकेतील रातकिड्यांच्या पैदास केंद्रांत एका विषाणूची साथ पसरली. युरोपातील केंद्रांना हा विषाणू 1970 च्या दशकापासून माहीत होता. काही केंद्रे बंद पडली, काहींनी त्या विषाणूला सहज बळी न पडणाऱ्या जाती आणल्या. एकाच कीटकावर अवलंबून राहणे किती धोक्याचे आहे, हे पाळणाऱ्यांना आयतेच कळले. दक्षिण अमेरिकेतील डुबिया झुरळे, रेशीम अळ्या आणि ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या यांना मागणी आली. यांपैकी शेवटच्या अळीत कॅल्शियम मुळातच फॉस्फरसपेक्षा जास्त असते.

भाजीपाल्याकडे लक्ष उशिरा गेले. पिल्लांना बहुतांशी कीटक लागतात, पण प्रौढ सरड्याला तेवढेच कीटक दिले तर तो लठ्ठ होतो आणि यकृतात चरबी साचते. म्हणून वयाबरोबर पानांचे प्रमाण वाढवून प्रौढाच्या थाळीत ते सर्वाधिक ठेवण्याची रीत पडली. मोहरीची पाने, कोलार्ड, डँडेलियन, लाल भोपळा आणि फड्या निवडुंगाची साल काढलेली पाने ही नेहमीची पसंती. पालकातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून तो रोज देत नाहीत. अ‍ॅव्होकॅडो तर विषारी म्हणून वर्ज्यच.

विविधतेच्या हौसेलाही मर्यादा आहे, आणि ती ओलांडल्याची किंमत प्राण्याने जिवाने मोजली आहे. 1999 मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांनी काजवे खाऊन मेलेल्या बिअर्डेड ड्रॅगनची प्रकरणे प्रसिद्ध केली. काजव्यांच्या काही जातींत हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि असा एकच काजवा प्रौढ सरड्याचा जीव घ्यायला पुरतो. तेव्हापासून अंगणात पकडलेले कीटक या प्राण्याला देऊ नयेत, असा पशुवैद्यकांचा स्पष्ट सल्ला आहे.