पहिला वाढदिवस : वसईतील बालसमारंभांचा पूर्वेतिहास

मूल वर्षाचे झाले म्हणजे दोन-तीनशे माणसे निमंत्रून, सभागृह भाड्याने घेऊन आणि करमणूक करणाऱ्यास बिदागी ठरवून रात्रीच्या वेळी समारंभ करण्याची चाल वसई-विरारच्या वस्तीत आता इतकी रूढ झाली आहे की, ती पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असावी असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः या चालीचे वय फार नाही. तिच्या आधी या भूमीत लहानग्यांचे समारंभ होत नव्हते असे मात्र नव्हे. ते वेगळ्या घटकेला, वेगळ्या जागी आणि वेगळ्या बेताने होत असत, आणि त्या बेतामागे बालस्वभावाचे जे सूक्ष्म ज्ञान होते, त्याची नोंद व्हावी एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे.

बारसे, उष्टावण, जावळ हे संस्कार घरोघर होत. परंतु त्यांत मूल हे विधीचे पात्र असे, करमणुकीचे धनी नव्हे. जन्मतिथीचा दिवस तर त्याहून साधा. अभ्यंगस्नान, औक्षण, मार्कंडेयादी चिरंजीवांचे स्मरण आणि तीळ-गूळ घातलेले दूध एवढ्यावर तो पार पडे. बालकांची खरी मौज वर्षातून एकदा, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या काळात येई, आणि तिचे नाव बोरन्हाण. जन्मानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, आणि पुढे हौसेप्रमाणे पाचव्या वर्षापर्यंत, मुलाला काळे झबले घालून, हलव्याचे मुकुट, हार, बाजूबंद चढवून पाटावर बसवायचे, सुवासिनींनी ओवाळायचे, आणि मग बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, तीळगूळ हे सारे कालवून त्याच्या डोक्यावरून हलक्या हाताने ओतायचे, की भोवती टपून बसलेल्या आळीतल्या पोरांनी ते लुटण्यासाठी एकच झुंबड करावी, असा हा सोहळा असे.

या सोहळ्याची रचना पाहिली म्हणजे तो योजणाऱ्या अनामिक स्त्रियांविषयी माझा आदर दुणावतो. समारंभ दुपार कलल्यावर, मूल झोपून उठल्यानंतर आणि दिवेलागणीच्या आत होई. मुख्य प्रसंग काही पळांचा. पाटावरचे मूल आईच्या हाताच्या अंतरावर असे. जमलेल्या मुलांपैकी कोणीही केवळ प्रेक्षक नसे. आणि लुटीचा माल वेचून, सोलून, खाऊन संपेपर्यंत पुढचा अर्धा तास आपोआप सरे. या पद्धतीत एक धोका मात्र होता, आणि तो आजही आहे: बी असलेले बोर किंवा टणक हरभरा दीड वर्षाच्या मुलाच्या घशात अडकू शकतो. म्हणून धाकट्यांच्या वाट्याला चुरमुरे तेवढे जावेत आणि बोरे थोरल्यांनीच वेचावीत हे पाहण्यासाठी कोणीतरी जाणते माणूस शेजारी हवेच.

घराबाहेरून येणारी करमणूकही दुर्मीळ नव्हती. महाराष्ट्राच्या गावगाड्यात गोंधळी, डवऱ्या, घडशी यांच्यासारख्यांना अलुतेदार म्हणून हक्क होते, तर वासुदेव, बहुरूपी, नंदीबैलवाले आणि मदारी ही मंडळी फिरतीवर असत आणि सुपातले धान्य किंवा जुने वस्त्र ही त्यांची बिदागी असे. वासुदेवाची मोरपिसांची टोपी, नंदीची हलणारी मान, बहुरूप्याचे सोंग यांतले काहीही दारापुढे फार वेळ रेंगाळत नसे. मुलाचा जीव रमावा न रमावा तोच खेळ पुढच्या दारी जाई, आणि भ्यालेले मूल उंबऱ्याच्या आत आईच्या पदराआड सुखरूप असे. माकड-अस्वलांचे खेळ केंद्र सरकारच्या 1998च्या अधिसूचनेने बंद झाले, आणि ते योग्यच झाले. प्राण्याच्या यातनांवर बालकाचे हसू उभे करू नये. वसईच्या पश्चिमेकडील ख्रिस्ती वाड्यांत, जेथे केळीच्या आणि पानवेलीच्या बागांना बावखलांचे पाणी मिळे, तेथे लग्नसराईत बँड वाजे, आणि मांडवाच्या कडेला कडेवरच्या पोरांना घेऊन उभ्या असलेल्या आज्यांना त्याचा ताल पुरेसा होई.

विसाव्या शतकात करमणुकीला रंगमंच मिळाला. य. के. पाध्ये यांनी बोलक्या बाहुल्यांचा खेळ मराठी माणसाच्या परिचयाचा केला, आणि त्यांच्या अर्धवटरावांना पुढे पुत्र रामदास पाध्ये यांनी घराघरांत पोहोचविले. पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी देशोदेशी प्रयोग केले. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये लिटल थिएटरची स्थापना करून बालरंगभूमीला स्वतंत्र आसन दिले. या थोर कलावंतांचा प्रेक्षक सहा-सात वर्षांपुढचा होता, हे मात्र आपण विसरलो. रुमालातून कबूतर निघाले याचे नवल वाटण्यास ते निघणे अशक्य आहे हे आधी ठाऊक असावे लागते. दीड वर्षाच्या मुलाला दारामागून आजोबा प्रकट होणे हेही तितकेच नवल आहे. त्याची जादू बुवाकुकाची आहे, आणि तिला बिदागी पडत नाही.

मग समारंभाची घटका बदलली, आणि माझ्या मते सारा बिघाड तेथून सुरू होतो. लोहमार्ग 1864 मध्ये मुंबईला जोडला गेला होता, परंतु विजेच्या गाड्या 1936 मध्ये विरारपर्यंत धावू लागल्या तेव्हापासून या तालुक्याचे दैनंदिन जीवन हळूहळू मुंबईच्या कचेऱ्यांच्या वेळापत्रकाशी बांधले गेले. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या नगरपालिका व भोवतालची गावे मिळून 2009 मध्ये महानगरपालिका झाली. 2011च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाख 22 हजारांवर होती. अंगणे गेली, ओटे गेले, सदनिकेत वीस माणसे बसण्याची पंचाईत झाली. चर्चगेटहून सुटलेला बाप विरार लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचतो तो रात्री आठ-साडेआठला. आप्तही त्याच गाडीने येतात. साहजिकच केक कापला जातो नऊ वाजता, आणि त्या घटकेला उत्सवमूर्ती एकतर झोपलेली असते किंवा झोपेच्या अभावी रडत असते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000च्या नियमांप्रमाणे दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून मधल्या तासाभरात जादूगार, डीजे आणि मोठ्या डोक्याचा मिकीमाउस यांची एकच घाई उडते. कापडी मुखवट्याचा तो अजस्र उंदीर अंगावर येताना पाहून आईच्या खांद्यात तोंड लपविणारे मूल ज्याने पाहिले आहे, त्याला या योजनेत मूल कोठे आहे असा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. बापाला मी दोष देत नाही. तो आपल्या लेकरासाठी महिनोन्‌महिने पैसा बाजूला टाकतो, आणि त्याचे प्रेम खरे आहे. त्याला योग्य सल्ला कोणी दिला नाही, एवढेच.

तो सल्ला याच जिल्ह्यात उपलब्ध होता, ही गोष्ट मला विशेष हळहळीची वाटते. गिजुभाई बधेकांसमवेत भावनगरला बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तेथे मिळाल्या, आणि 1957 मध्ये ते कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच या बायांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने ही त्यांची साधने झाली, आणि गाणे, गोष्ट, हालचाल हे सारे मुलाच्या लहरीने व मुलाच्या उंचीवर बसून चालू लागले. लहान मूल कशाने रमते याविषयी एवढा कसून केलेला प्रयोग महाराष्ट्रात क्वचितच झाला असेल. विरारहून डहाणूला 2013 पासून लोकल जाते. परंतु वाढदिवसाचा बेत आखणाऱ्याला त्या दिशेने पाहावेसे वाटत नाही.

अलीकडे काही कुटुंबे रविवारी सकाळी, न्याहारीनंतर, संकुलाच्याच आवारात समारंभ करू लागली आहेत, ही मला आनंदाची वार्ता वाटते. त्यांचा बेत मी पाहिला आहे. सतरंज्या अंथरून धाकट्यांसाठी एक कोपरा राखलेला. तेथे परातीत पाणी, मापटी, कागदी होड्या आणि पातेल्यावर चमचा वाजविण्याची मुभा. फुगे पुरेसे उंच बांधलेले, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा मूल तोंडात घालते. बाहुलीवाल्याला पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ न देण्याचे आधीच ठरलेले, त्याचा पडदा जमिनीलगत, आणि थोरल्या भावंडांसाठी त्याचा दुसरा, लांब खेळ नंतर, पलीकडच्या बाजूस. शेवटी यजमान आजीने मुलाला पाटावर बसवून चुरमुऱ्यांचे सूप त्याच्या डोक्यावरून ओतले. संक्रांत नव्हती, ऋतू पावसाळ्याचा होता, तरी कोणीही हरकत घेतली नाही, आणि साडेअकराच्या सुमारास जेवणाची पाने मांडली गेली, म्हणजे मुले बाराच्या झोपेला मोकळी झाली.