पंतोजीची उजळणी व हिंगोलीकडील हिशेब

जुन्या घराण्यांचीं दप्तरें तपासतांना सनदा, महजर, निवाडे व सरदारांचीं पत्रें वेगळीं काढावयाचीं, आणि मुलांच्या हातचीं उजळणीचीं पानें, फुटकळ याद्या व वह्यांचे सुटे बंद रद्दींत टाकावयाचे, अशी आपणां संग्राहकांची फार दिवसांची रीत आहे. ही रीत चुकीची आहे असें माझें मत आहे. पैसा मोजावा कसा, द्यावा-घ्यावा कसा व लिहून ठेवावा कसा, हें ज्ञान कोणाच्या मुलांस मिळे व कोणाच्या मुलांस मिळत नसे, हें सनदांवरून कळत नाहीं. तें या रद्दींतच सांपडतें. निजामच्या राज्यांतील परभणी जिल्ह्याचा जो भाग १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्हा म्हणून निराळा झाला, त्या हिंगोली, कळमनुरी व वसमत या बाजूस समोर ठेवून येथें हा विचार केला आहे.

पंतोजीच्या शाळेंत मूल आधीं धूळपाटीवर अक्षर गिरवी. अंक व पाढे झाले कीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी चढण सुरू होई. ही निव्वळ घोकंपट्टी होय असा आक्षेप नव्या शिक्षणाच्या कैवाऱ्यांनीं घेतला व तो अगदींच खोटा नव्हे. परंतु घोकलें काय जाई हें त्यांनीं नीट पाहिलें नाहीं. रुपयाचे आणे सोळा. म्हणून पाव, निम व पाऊण हेच व्यवहाराचे स्वाभाविक भाग. मोडी हिशेबांत रुपयांच्या आंकड्यापुढें एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ व तीन म्हणजे बारा. त्यांवरचे सुटे आणे आडव्या रेघांनीं दाखवीत. १२॥।= असें लिहिलें कीं बारा रुपये चौदा आणे. तीच उभी रेघ शेराच्या आंकड्यापुढें आली कीं पाव शेर. तेव्हां पावकी म्हणणारा मुलगा नकळत बाजारचा भावच पाठ करीत होता. सात पावल्यांचे पावणेदोन रुपये हें त्यास बोटें न मोडतां सांगतां येई. रोजकीर्द कशी लिहावी, तिच्यावरून खतावणी कशी पाडावी, सालअखेर ताळेबंद कसा करावा, हें मात्र शाळेंत क्वचितच. तें दुकानाच्या गादीवर किंवा कुलकर्ण्याच्या ओसरीवर वडीलधाऱ्यांच्या हाताखालीं शिकावयाचें.

या विद्येची प्रतिष्ठा केवढी होती याची साक्ष पैठणच्या एकनाथांच्या आख्यायिकेंत आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींपाशीं हिशेब लिहीत असतां एका पैची चूक शोधण्यांत नाथांनीं रात्र जागून काढिली, आणि ती सांपडतांच आनंदानें टाळी वाजविली, असें सांगतात. आख्यायिका पुरावा म्हणून घेतां येत नाहीं हें खरें. पण ऐकणारांस ती पटली, तिचा अर्थ समजावून सांगावा लागला नाहीं, एवढें तरी तीवरून सिद्ध होतें.

हिंगोलीकडे या साध्या हिशेबास एक निराळीच अडचण होती. पैनगंगेच्या अलीकडे निजामचा मुलूख व हाली शिक्का. पलीकडे १८५३ पासून इंग्रजी कारभाराखालीं गेलेला वऱ्हाड व कलदार रुपया. कळेवर, म्हणजे यंत्रावर, पाडलेला म्हणून तो कलदार. खुद्द हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. नदीपलीकडे माल विकणाऱ्याच्या हातीं कलदार येई, आणि सरकारसारा भरावयाचा तो हालींत. पुढें सात हालींस सहा कलदार असा भाव स्थिर झाला; म्हणजे १०० कलदारांचे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. आतां उजळणींत सवायकी आहे, दिडकी आहे, पण सहाव्या हिश्श्याचा पाढाच नाहीं! सवायकीनें धरावें तर शंभरामागें ८ रुपये ५ आणे ४ पैंचा फरक पडतो. पंतोजीकडे चांगला शिकलेला मुलगाही येथें अडावयाचा. मग ज्यानें धूळपाटीच पाहिली नाहीं त्यानें बट्टा ठरविणाराच्या शब्दावर विसंबून राहावें, याखेरीज गति नव्हती. त्यांत तिथीमितीचा घोळ वेगळाच. सावकाराच्या वहीवर शक व मिती, सरकारी पावतीवर फसली सन, वऱ्हाडांतील चिठीवर इसवी तारीख. सरकारी दप्तर आधीं फारशींत व १८८४ च्या सुमारापासून उर्दूंत. कुळाचें खत मात्र मोडींत. तें वाचणारा बहुधा तोच, ज्याचें त्यावर येणें असे.

इंग्रजी मुलुखांत १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांविषयींचा कायदा झाला. त्यांत कुळास पावती, हिशेबाचा उतारा व पासबुक मिळण्याची तरतूद होती. तो हिंगोलीस लागू नव्हता. हैदराबादेंत सावकारीचा कायदा फसली १३४९ मध्यें, म्हणजे इ. स. १९३९-४० त, झाला. पण पासबुक हातीं दिलें तरी तें वाचावें कोणीं? या प्रश्नास सरळ हात घातला तो जोतीराव फुल्यांनीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं प्राथमिक शाळांसाठीं जे विषय सुचविले त्यांत मोडी व बालबोध वाचन-लेखन आणि हिशेब हे आरंभींच आहेत. इतिहास, भूगोल व व्याकरण त्यांच्या मागून येतात. मोडीचा हा आग्रह जुन्या चालीचा अभिमान म्हणून नव्हे. कर्जाचा कागद ज्या लिपींत लिहिला जाई ती लिपि कुणब्याच्या मुलास यावी, हा त्यांतील हेतु मला स्पष्ट दिसतो.

पुढें मोडी शाळांतून गेली, १९५० नंतरच्या दशकांत हाली शिक्का गेला, आणि १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणें येऊन उभ्या-आडव्या रेघांचा आधारही सुटला. आतां अशीं पानें हातीं आलीं तर तीं टाकण्यापूर्वीं एवढें पाहावें. सन नसला तरी रुपयापुढें हाली आहे कीं कलदार, बट्टा कोठें धरला आहे, अक्षर वळणदार आहे कीं शिकाऊ, आणि रेघांचा हिशेब शेवटीं जुळतो कीं नाहीं. फसली सन असल्यास त्यांत ५९० मिळवावे. मात्र फसली वर्ष इसवी वर्षाच्या मध्येंच पालटतें हें विसरूं नये. बेरीज चुकलेलें पान तर मुद्दाम ठेवावें; तें बहुधा एखाद्या मुलाचें असतें.