तुर्कस्तान युद्धात गेले की नेले गेले?

नववीच्या वर्गाला पहिले महायुद्ध शिकवत होतो. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले, एवढे सांगून मी पुढे सरकणार तोच एका मुलीने विचारले, "सर, ते स्वतःहून गेले की कुणी नेले?" त्या दिवशी मी तिला घरात ऐकलेलेच उत्तर दिले. इंग्रजांनी खलिफाची जहाजे लुबाडली, म्हणून गेले.

गोष्ट खोटी नाही. 'सुलतान उस्मान' आणि 'रशादिये' या दोन युद्धनौका इंग्लंडमध्ये बांधून झाल्या होत्या. त्यासाठी गोरगरीब तुर्कांनी वर्गणी दिली होती. ऑगस्ट 1914 च्या अगदी सुरुवातीला चर्चिलने त्या इंग्लंडच्या आरमारासाठी ताब्यात घेतल्या. तुर्की खलाशी जहाज न्यायला टाइन नदीवर येऊन थांबले होते. ते हात हलवत परतले.

पण तारखा नीट लावल्या की आपल्या आवडत्या गोष्टीला तडा जातो. जर्मनीशी मैत्रीची बोलणी अन्वर पाशाने जुलैमध्येच सुरू केली होती. 2 ऑगस्टला गुप्त करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी तुर्कस्तानने स्वतःला तटस्थ म्हणून जाहीर केले! करार तीन-चार माणसांनाच ठाऊक होता. बहुतेक मंत्र्यांना त्याचा पत्ता नव्हता, मग रयतेची काय कथा?

अन्वर पाशाला नुसता खलनायक ठरवणे मला पटत नाही. बाल्कन युद्धात युरोपातला जवळजवळ सारा मुलूख गेला होता. रशियाची नजर इस्तंबूलवर होती. त्याच वर्षी तलात पाशाने रशियाकडे आणि जमाल पाशाने फ्रान्सकडे मैत्रीसाठी चाचपणी करून पाहिली, पण कुणी दाद दिली नाही. एकटे पडण्याची भीती खरी होती.

तरीही करारानंतर तीन महिने युद्ध टळले. वजीर-ए-आझम सईद हलीम पाशा आणि अर्थमंत्री जावेद बे वेळ काढत राहिले. पण 10 ऑगस्टला 'गोबेन' आणि 'ब्रेसलाऊ' या जर्मन युद्धनौका इंग्रजांना चुकवून दार्दानेल्समध्ये शिरल्या होत्या. तटस्थ देशाने त्यांना हाकलायला हवे होते. त्याऐवजी तुर्कस्तानने त्या 'विकत' घेतल्याचे जाहीर झाले. 'यावूझ' आणि 'मिदिल्ली' अशी नावे पडली, जर्मन खलाशांच्या डोक्यावर फेज टोप्या चढल्या, आणि जर्मन सेनानी सूशोन तुर्की आरमाराचा प्रमुख झाला. टोपी तुर्की, हुकूम जर्मन! ऑक्टोबरमध्ये जर्मनीहून सोने आले. 29 ऑक्टोबरला सूशोनने ओडेसा, सेवास्तोपोल या रशियन बंदरांवर तोफा डागल्या. अन्वर पाशाची त्याला संमती होती, पण मंत्रिमंडळाचा ठराव नव्हता. जावेद बे आणि आणखी काही मंत्र्यांनी राजीनामे दिले. रशियाकडे दिलगिरीही पाठवली गेली, पण फार उशीर झाला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रशिया, इंग्लंड आणि फ्रान्स तिघांनीही युद्ध पुकारले.

इंग्रजही काही झोपलेले नव्हते. युद्ध जाहीर होण्याच्या दोन आठवडे आधी, 16 ऑक्टोबरला, पूना डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबईहून निघून बहरीनजवळ जाऊन थांबली होती. तिच्यात 117 वी मराठा पलटण होती. या मराठा पलटणींत आपले दख्खनी मुसलमानही भरती होत. 14 नोव्हेंबरला इस्तंबूलमध्ये जिहादचा फतवा वाचला गेला, तेव्हा ही फौज इराकच्या किनाऱ्यावर उतरून बसऱ्याकडे निघाली होती. अरबस्तानातील पवित्र स्थळांना धक्का लागणार नाही, असे सरकारने इथल्या मुसलमानांना जाहीरपणे सांगितले होते. पण समोर खलिफाची फौज आहे हे त्या शिपायांना कळत नव्हते थोडेच? त्यांना कुणी विचारले नव्हते, आणि समोरच्या अनातोलियातल्या शेतकऱ्यालाही नाही. 29 एप्रिल 1916 ला कूत येथे हीच डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. सुमारे 13 हजार कैद झाले. त्यातले कितीतरी हिंदी शिपाई परत आलेच नाहीत.

30 ऑक्टोबर 1918 ला तुर्कस्तानने मुद्रोस येथे युद्धबंदीवर सही केली. ओडेसावर तोफा डागल्याला चार वर्षे आणि एक दिवस झाला होता. 1924 मध्ये खिलाफत संपली. 'यावूझ' मात्र तुर्की आरमारात कितीतरी वर्षे राहिली. तिची मोडतोड सुरू झाली ती 1973 मध्ये.

आता त्या मुलीला उत्तर पुन्हा द्यायचे आहे. या वेळी फळ्यावर आधी तारखा लिहीन.