रिक्षा-टॅक्सीचं फिटनेस: आठ वर्षांनंतर दरवर्षी

कॅम्प ४ मधून विठ्ठलवाडी स्टेशनला धावणारी रिक्षा असो की भाड्याची इको, गाडी एमएच-०५ ची, म्हणजे काम कल्याण आरटीओचं. भाड्याच्या नव्या गाडीला दोन वर्षांचं फिटनेस मिळतं. आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी तपासणी, पुढे दरवर्षी. तीच इको घरगुती वापराची असेल तर थेट १५ वर्षांनी, मग दर पाच वर्षांनी!

पास होणं मॉडेलपेक्षा देखभालीवर जास्त. ब्रेक, हेडलाइट, इंडिकेटर, टायर आधी गॅरेजात बघून घ्यावेत. विमा, पीयूसी चालू हवेत. भाड्याच्या गाडीचं फिटनेस संपलं की कायद्याने तिची नोंदणीच वैध धरत नाहीत, आणि अशात अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. मुदत एमपरिवहन ॲपवर दिसते.