पाठांतर आणि आठवण

‘आईला शेकडो ओव्या पाठ आहेत, तिच्या डोक्याला काय होणार?’ असे बोलणे आमच्या राहू बेटात मी अनेकदा ऐकले आहे. भीमा आणि मुळा-मुठा यांच्यामधला हा उसाचा, गुऱ्हाळांचा मुलूख. त्याच आईला सकाळची गोळी घेतली की नाही हे दुपारी सांगता आले नाही, तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटतो. ही दोन्ही बोलणी फसवी आहेत. ती का फसवी, हे आपल्या पाठांतराच्या इतिहासातून उलगडते.

पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. घरी दिवेलागणीला परवचा असे. वेदपाठशाळेत घनपाठ होता. त्यात तेच शब्द सरळ, उलट, पुन्हा सरळ म्हणायचे, म्हणजे क्रम चुकत नाही. बायकांना शाळा नव्हती, जाते होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बहुतेक ओव्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या. ताल, ठरलेला क्रम आणि रोजची उजळणी, एवढ्यावर हा ठेवा टिकला.

पण हा ठेवा जुना असतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी १९९९ मध्ये ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’चे निकष मांडले: विसरण्याची तक्रार आहे, चाचणीत स्मरण वयाच्या मानाने कमी भरते, तरी रोजचे व्यवहार चालू आहेत. या अवस्थेत बहुधा ताजी गोष्ट आधी निसटते. लहानपणी घोकलेले पुष्कळ काळ शाबूत राहते. म्हणून ओवी अचूक म्हणता येणे हा निरोगीपणाचा दाखला नव्हे.

याची उलट बाजूही आहे. पाश्चात्त्य चाचणीत शब्दाचे स्पेलिंग उलटे सांगायला, वाक्य लिहायला लावतात. शाळाच न पाहिलेला माणूस तिथे आजारी ठरेल. हे ओळखून मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगढ भागासाठी निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार केली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

मग सरावाने स्मरण सुधारते का? अमेरिकेत डिमेन्शिया नसलेल्या सुमारे २,८०० ज्येष्ठांवर ‘ॲक्टिव्ह’ नावाचा मोठा प्रयोग झाला. २००२ च्या निष्कर्षांनुसार ज्याचा सराव केला तेवढेच कौशल्य सुधारले. दहा वर्षांनंतर स्मरणाच्या सरावाचा लाभ उरला नव्हता. तेव्हा शब्दकोडी सोडवून बुद्धी शाबूत राहील, असे आश्वासन मी कुणाला देणार नाही.

एक नेमकी गोष्ट पक्की करायची असेल, तर मात्र जुनी रीत उपयोगी पडते. लँडाउअर आणि बियॉर्क यांनी १९७८ मध्ये दाखवले, की वाढत्या अंतराने आठवून पाहिलेले अधिक टिकते. नातवाचे नाव आता विचारावे, मग दोन मिनिटांनी, मग पाचांनी, मग जेवणानंतर. परवचाचीच ही धाकटी बहीण. गोळीची डबी देव्हाऱ्याशी ठेवावी. दिवा लावण्याची सवय जुनी, तिच्या खुंटीला नवे काम अडकवावे.

आणि हे करताना डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य यांमुळेही माणूस विसरतो आणि त्यांवर उपचार आहेत. वयाच्या म्हणीवर विसंबून राहिलो, तर ते उपचारही हुकतात.