माग शिवेपर्यंत : चोरीच्या फोनच्या तपासाचा इतिहास

१/
भिवंडीच्या निजामपुऱ्यात एखाद्या यंत्रमाग कामगाराचा फोन चोरीला जातो, तेव्हा फिर्यादीत प्रामुख्याने नोंद होते ती कंपनी, मॉडेल, रंग, किंमत आणि आयएमईआय क्रमांकाची. त्याची खरी काळजी मात्र वेगळी असते : बँकेचे ओटीपी, गावी पैसे पाठवण्याचे ॲप, ओळखपत्रांची छायाचित्रे. वस्तू आणि तिच्या आतला ऐवज यांतील ही दरी कायद्याच्या इतिहासात खोलवर रुजलेली आहे.

२/
पेशवाईत गावच्या राखणीचे काम जागल्या, रामोशी, भिल्ल यांच्याकडे असे. चोरी झाली की पावलांचा माग काढायचा. माग शिवेपलीकडे गेला, तर जबाबदारी पुढच्या गावावर जाई. माग लागला नाही, तर भरपाई राखणदारावर येई. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पद्धतीचे वर्णन केले आहे.

३/
१८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरी म्हणजे ‘जंगम मालमत्तेची’ चोरी. कलम २२ नुसार ही मालमत्ता मूर्त असावी लागे. बैल, भांडे, दागिना यांना ही व्याख्या चपखल बसली. पत्र चोरीला गेले, तर चोरी कागदाची, मजकुराची नव्हे.

४/
३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला भारतातील पहिला मोबाईल कॉल झाला. प्रत्येक हँडसेटला १५ अंकी आयएमईआय असतो. जनावरावर डागलेल्या खुणेसारखीच ही खूण, आणि पोलिसांच्या हाती आलेला नवा मागही.

५/
खूण आली की ती पुसणारेही येतात. ३० नोव्हेंबर २००९ नंतर वैध आयएमईआय नसलेल्या फोनची सेवा बंद करण्याचे आदेश निघाले. २०१७ च्या नियमांनी हा क्रमांक बदलणे गुन्हा ठरवले.

६/
सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सीईआयआर’ ही केंद्रीय नोंदवही प्रथम महाराष्ट्रात सुरू झाली. मे २०२३ मध्ये ती देशभर खुली झाली. पोलिसांत तक्रार द्यायची, त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यायचे आणि तक्रारीची प्रत जोडून पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करायचा. त्यात कोणी दुसरे सिम घातले, की त्याचा माग पोलिसांपर्यंत पोहोचतो.

७/
या मागालाही शीव आहे. फोन देशाबाहेर गेला, की भारतातील नोंदवहीचा अंमल संपतो. शिवाय ब्लॉक होते ते मोबाईल नेटवर्क. वायफाय चालूच राहते आणि आतला डेटा जागच्या जागी राहतो. म्हणून सिम आणि बँक खात्याचे व्यवहार आधी बंद करावे लागतात.

८/
डेटासाठी वेगळा कायदा आला तो २००० मध्ये : माहिती तंत्रज्ञान कायदा. पण त्याच्या कलम ७८ नुसार तपास निरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा. साध्या चोरीचा तपास मात्र हवालदारही करू शकतो. एकाच फोनच्या चोरीला अशा दोन वाटा फुटल्या.

९/
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने जंगम मालमत्तेच्या व्याख्येतून ‘मूर्त’ हा शब्द वगळला. १६४ वर्षांनी डेटाही चोरीच्या व्याख्येत येऊ शकेल, अशी वाट मोकळी झाली.

१०/
उरतो प्रश्न सापडलेल्या फोनचा. तो मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा होतो, तेव्हा आतले खासगी आयुष्यही पोलिसांच्या ताब्यात येते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. जागल्याने परत आणलेल्या बैलाच्या पोटात धन्याची गुपिते नसत. आजच्या मुद्देमालात ती असतात. त्यामुळे राखणदाराचे काम आता ऐवज शोधून देण्यापाशी संपत नाही. तो न उघडता परत करणे, हाही त्याच राखणीचा भाग आहे.

(समाप्त)